कूलरवाल्याची वही

मे महिन्यात माझे हात कायम ओले.
मानेवाड्यापासून गोधनीपर्यंत
लोकांचे कूलर उघडतो, कुजलेल्या ताट्या काढतो,
पंपातलं शेवाळ नखानं खरवडतो.
पारा पंचेचाळीसच्या वर गेला
की फोन थांबत नाही, जेवण थांबतं.

नंदनवार मॅडमच्या कूलरमधून
चार वर्षांपूर्वी एक मेलेलं पाखरू निघालं.
मी झटकणार, तर त्यांनी तळहात पुढं केला,
प्रसादासाठी करतात तसा नाही,
सुटे पैसे मोजून घ्यायला करतात तसा.
"पतंग आहे. आणखी कुठं कुठं सापडतात तुम्हाला?"
तोवर पतंग म्हणजे मला
तिळसंक्रांत आणि कापलेली बोटं.

तेव्हापासून हे असं:
सडकी केळी सहा, गूळ पावशेर,
सासरवाडीची मूठभर मोहफुलं,
आणि धरमपेठेतल्या एका गिऱ्हाइकानं
"घेऊन जा" म्हणून दिलेली अर्धी बाटली शिळी बीअर.
गच्चीवर तीन दिवस बादली झाकून ठेवायची,
बाकीचं ऊन पाहून घेतं.
वास असा, की खालच्या मजल्यावरचे हेडाऊ
हल्ली माझ्याशी जरा आदरानं बोलतात.

बायको म्हणते, "लोकं पोट्ट्यायले सांभाळते,
तुमी पाखरायले दारू पाजून राह्यले."
पण डिस्टेंपरचा ब्रश तीच धुऊन ठेवते.

गोरेवाड्याच्या कडेला, कुंपणाबाहेर,
सागाच्या बुंध्यांना तो लगदा फासतो.
दोन झाडांत दोरी, दोरीवर चादर,
भंगारातून आणलेली, कोपऱ्यात दवाखान्याचा निळा शिक्का.
तिच्याखाली कोण कोण निजलं, विचारत नाही.
पालिकेनं खांबावरून उतरवलेला पाऱ्याचा दिवा
जुन्या इन्व्हर्टरवर घूं करतो,
आधी जांभळा, मग एकदम पांढरा.

झाडावर येतात ते प्यायला येतात.
पंखांवर घुबडाचे डोळे घेऊन हिंडणारा,
सोंड एकदा बुडली की बॅटरी मारली तरी हलत नाही.
आणि तो काटोलकडचा गुन्हेगार,
पिकल्या संत्र्याला रात्री भोक पाडणारा:
बसला की वाळलं पान,
उडाला की आतले पंख संत्र्याच्याच रंगाचे,
चोर मुद्देमालासकट.

चादरीवर येतात ते वेगळे.
आपटतात, फिरतात, शिक्क्याजवळ बसून राहतात.
कशाला येतात?
मॅडम म्हणाल्या, नक्की कुणालाच सांगता येत नाही.
ऐकून मला बरं वाटलं होतं.

पहिल्या वर्षी बाटली होती, औषधाचा बोळा होता.
एक मादी मरता मरता
काचेवर अंडी घालत राहिली, अठ्ठावीस, सरळ रांगेत.
आता फक्त मोजतो.

मॅडम पुण्याला लेकाकडं, डोळ्यांत काचबिंदू.
रात्री एकला फोन लावतो, जाग्याच असतात.
मला शास्त्रातली नावं येत नाहीत. मी सांगतो,
"जळका कागद, कडेला हिरवं."
"साखर सांडल्यासारखा."
"बसतो तेव्हा शेपूट वर."
त्या नाव सांगतात, मी ऐकू येईल तसं लिहितो.

परवा दिवा बंद करणार, तेवढ्यात
पंजाएवढा एक येऊन बसला,
चादरीवर नाही, माझ्या शर्टावर,
जिथं दिवसभराच्या कूलरची ओल होती.
टसरचा रंग. चार पंखांत चार गोल खिडक्या,
काच बसवल्यासारख्या.
मॅडम बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या,
"त्याला तोंड नसतं. बघा."
बघितलं. नव्हतं.
"अळी असताना खाल्लं तेवढंच.
त्यावर आठवडाभर काढतो."
गूळ, केळी, मोह
दोन हातांवर बुंध्यावर चकाकत होतं.

"खिडकीतून काय दिसतं?" त्यांनी विचारलं.
मी मान वाकवली, श्वास धरला.
"शर्टाची रेघ," म्हटलं. "निळी."
"लिहून ठेवा."