किरकोळ बदल

रात्री साडेअकराला यावलमध्ये
केळीचे ट्रक जागे असतात आणि मी.
पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलतोय,
पाय पाण्याच्या घमेल्यात,
लॅपटॉपखाली ओला पंचा,
आणि समोर ज्ञानकोशातला लेख:
'द्वारकाबाई नेहेते यांचे अध्यक्षीय भाषण,
शेतमजूर स्त्रियांची परिषद, १९५८.'

अकरा परिच्छेद, सात तळटीपा.
शेवटचा परिच्छेद तालुक्याला पाठ:
'डोक्यावर हंडा आहे, म्हणूनच आमची मान ताठ आहे,
असे बाई म्हणाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.'
मुलींच्या शाळेच्या भिंतीवर आहे हे वाक्य,
पतपेढीच्या कॅलेंडरवर आहे,
माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेतही होतं,
का, ते कुणी विचारलं नाही.

मी गेलो होतो नुसती एक वेलांटी दुरुस्त करायला.

पण परवा बाजारात भेटले नबाब तडवी, भोंगेवाले.
भरताची वांगी एकेक दाबून बघत होते.
मी सहज वाक्य म्हटलं, तर वांगं हातातच राहिलं.

"टाळ्या? कायच्या टाळ्या?
ब्याटरी बसेल व्हती ना भाऊ!
मी चौदा वर्साचा, भोंग्याच्या खांबाले धरून उभा,
मामा मले शिव्या देऊन राह्यला.
बाईनं कागद घडी केला, माईक बाजूले सारला,
अन् पुढच्या बायांशी बोलली काहीतरी.
दोन रांगा हासल्या.
मागं कोनाले काही आयकूच आलं नाही."

"काय बोलल्या?"

"मले काय माहीत? मी खांबाजोळ."

घरी नेऊन त्यांनी भाड्याची वही काढली.
घासलेटचा वास, पानात चिरडलेला एक जुना डास.
'परिषद. माईक एक, भोंगे चार,
ब्याटरी एक, उतरली.
ठरले वीस, पावले साडेपंधरा, बाकी साडेचार.'

मग मी तळटीप क्रमांक एक उघडून बघितली.
भाषणाची पुस्तिका, जळगावचा छापखाना,
तारीख परिषदेच्या आदल्या दिवशीची.
टाळ्या वीस वर्षांनी आल्या, कुठल्याशा गौरवअंकातून.

सगळं लिहिलं. ब्याटरी, खांब, हसणाऱ्या दोन रांगा.
जतन केलं.
सातव्या मिनिटाला कुणा 'शब्दप्रहरी'ने उडवलं:
'संदर्भ हवा. मूळ संशोधन चालत नाही.'
चर्चेच्या पानावर माणूस सौजन्याने वागला.
वही प्रकाशित आहे का, एवढंच विचारलं त्याने.

वही प्रकाशित नाही.
नबाबकाकाही प्रकाशित नाहीत.
त्या दोन रांगांतल्या बाया तर
जन्ममृत्यूच्या नोंदीतही धड सापडायच्या नाहीत.

आणि तो बरोबरच होता, याचाच राग आला.
उद्या कुणीही येईल, म्हणेल माझ्या आजोबांनी ऐकलं,
आणि त्या बाईच्या तोंडी काहीही घालेल.

तरी झोप येईना.
काय म्हणाली असेल ती, कागद घडी करून?
'चला आता, भाकरी टाकायच्यात' असं काही?
की त्या हंड्याच्या वाक्याचीच थट्टा,
कुणा शिकलेल्यानं लिहून दिलेल्या,
ज्याची मान कधी दुखली नव्हती?
कदाचित.
कदाचितला ज्ञानकोशात रकाना नाही.

पहाटे तीनला पुन्हा शिरलो.
'असे बाई म्हणाल्या' एवढंच पुसलं, लिहिलं:
'असे छापील प्रतीत आहे.'
टाळ्यांपुढे ठेवली सूचना, संदर्भ हवा.
आणि खालच्या चौकटीत खूण केली:
किरकोळ बदल.

आज पाचवा दिवस. अजून कुणी हात लावलेला नाही.

नबाबकाकांना मोबाइलवर वाचून दाखवलं.
डोळे मिटून ऐकलं त्यांनी,
छापील प्रत हे शब्द दोनदा म्हणायला लावले,
मान हलवली, विडी शिलगावली.

"बरं हाये," म्हणाले.
"अन् माहे साडेचार रुपये?"