काखेतली शिवण

म्हापशाचा शुक्रवार. नाताळाला चार दिवस.
दीडशेला फ्रॉक: लाल, जाळीच्या बाहीचा,
एर्मेलिंदाच्या मापाचा.

सवयीने उलटा करून पाहिला.
आई शिवायची; कापड नेहमी आतून वाचायची.
काखेत, शिवणीखाली
एक लांब केस, दोनदा टीप मारलेला.

कुणाचा, ते लेबलावर नव्हतं.
लेबलावर होतं: थंड पाण्यात धुवा.

"बाये, शंभराक व्हर."
दर उतरला
तसा तो केस जड होत गेला.

आल्दोन्याची पिएदाद
नुसत्या शिलाईचे साडेचारशे घेते,
दोन तारखा चुकवते,
चुकवून वर हसते.
पण ते हसणं मी पाहिलेलं आहे.

घडी घालून फ्रॉक ठेवला परत.

आता एर्मेलिंदाला सांगायचं,
नाताळाला जुनाच.
नवा तीन राजांच्या फेस्ताला,
पिएदादने तारीख पाळली तर.