वाफ वळते

वाघबीळ मागं टाकलं, आणि पन्हाळ्याच्या चढावर
डिपस्टिक आपली आपण वर आली,
दोन बोटं, कुणी हाक मारल्यासारखी.
वाकून खाली बघितलं तर मागच्या सीलमधून तेल,
गिअरबॉक्सच्या पोटावरून ओघळून
सायलेन्सरवर,
आणि त्याचा जो वास सुटला
त्यात माझंच नाव होतं.

कारण ब्रीदरच्या तोंडात
बोल्ट मीच मारला होता.
वृषाली म्हणाली होती, गाडीत वास येतो.
मी वास बंद केला.

उद्यमनगरात दस्तगीरभाई तो बोल्ट
तळहातावर घेऊन बराच वेळ बसले.
लेथवरचा पोरगा हसला. भाई नाही हसले.
"टर्बो लावलास. दाब वाढवलास.
रिंगा काय सगळंच अडवत्यात व्हय? थोडं निसटणारच.
निसटलेलं कुठनं तरी भाईर येणार.
तू दार लावलंस,
त्यानं भिंत पाडली."

मग आठवडाभर मला नळ्याच दिसत होत्या.

एक नळी सरळ खाली, रस्त्यावर मोकळी. स्वस्त.
पण दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला
की धूर मागं फिरून काचेतून आत,
आणि बिल्डिंगखाली रोज सकाळी
तेलाचा एक काळा रुपया,
ज्यावर तळमजल्याचे बाबगोंडा काका
न बोलता राख टाकतात.

एक नळी परत इनटेकमध्ये, कंपनीनं दिली होती तशी.
पण तेलाची वाफ पेट्रोलात मिसळते,
आणि गच्च पाय दिला की आत
पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखं वाजतं.
ते वाजणं फार वेळ वाजत नाही.
पिस्टन जातो.

पंपाचंही विचारलं, व्हॅक्यूमच्या.
भाईंनी उत्तरादाखल एवढंच विचारलं,
"सोमवारी ही गाडी कामाला जाती का न्हाई?"
जाते.

वृषाली कागलच्या बाजूला साखर कारखान्यात, लॅबला.
हंगामात तिच्या ओढणीलाही मळीचा वास असतो,
त्याबद्दल मी कधी काही म्हटलेलं नाही.
त्या रात्री माझा कागद तिनं ओढून घेतला,
सगळ्या नळ्या बघितल्या. म्हणाली,
"रस उकळताना वाफेबरोबर थेंब उडतात.
तसेच सोडले तर साखर चालली पाण्यात.
म्हणून भांड्याच्या डोक्यावर कॅचर असतो. आत आडवे पत्रे.
वाफ वळते.
थेंबाला वळता येत नाही, तो आपटतो आणि खाली येतो."
आणि दिवा तिच्या बाजूचा बंद केला.

तीन इंची ॲल्युमिनियमचा पाइप, वीतभर.
आत तीन पत्रे, भोकासमोर भोक येणार नाही असे,
वर भांडी घासायची तारेची घासणी,
ती महाद्वार रोडवरून, दहा रुपयाला दोन.
गाडी निवांत असली की मॅनिफोल्ड ओढणार,
दाब चढला की टर्बोचं तोंड,
आणि मध्ये एकच दिशा ओळखणारी झडप.
भाईंनी ती ओठाला लावून फुंकली,
एकीकडून वारा पार गेला,
उलटी केली तर नुसते गाल फुगले.
"ही खरी," म्हणाले.

महिन्यानं डब्याचा नळ सोडला.
काचेच्या बरणीत पाऊण कप,
सायीच्या चहासारखं काहीतरी.
मी जिंकल्यासारखा वर घेऊन गेलो.
वृषालीनं बरणी खिडकीशी धरली, तिरकी केली,
हुंगली, नाक न मुरडता.
"पाणी जास्त आहे यात.
घर ते ऑफिस, ऑफिस ते घर.
इंजिन नीट तापतच नाही तुझं."

मग बरणी बेसिनखाली ठेवत,
माझ्याकडे न बघता,
"रविवारी पन्हाळ्याला जायचं का?
मी चालवते."