राखण

रात्री बारा ते सकाळी सहा, पाळी क्रमांक एकोणीस.
विस्कॉन्सिन, एप्रिल. पाणी अकरा अंश.
फॉर्मवर एवढं लिहून व्हर्लिन झॅस्ट्रो
पेन कानावर अडकवतो
आणि घडीच्या खुर्चीत असा बसतो
जणू गिरणीत दळणाचा डबा ठेवून नंबर लावलाय.

आम्हाला पिवळी टोपी, टॉर्च, वॉर्डनचा फोन नंबर.
टोप्या मंडळाच्या, पाळी संपली की परत.
हत्यार नाही. आपण फक्त दिसायचं,
असं सांगितलं होतं मंडळाच्या बाईंनी,
चर्चच्या तळघरात, गाजराचा केक कापता कापता.

साडेबाराला दगड वाजू लागतात.
काठाच्या खडकांवर पोट घासत
स्टर्जन येतात, माणसाएवढे लांब,
पाठीवर हाडांची रांग, तोंडाखाली चार मिशा,
गुडघाभर पाण्यात, हात घातला तर लागतील.
मादी एक, नर पाच-सहा,
आणि ढोल आतून कुणी बडवावा तसा आवाज.
ही ऐंशीची असेल, व्हर्लिन म्हणतो,
माझ्याहून थोरली.
थर्मासचं झाकण भरून मला देतो.

माझ्या आजोळी नदीच्या एका कोंडीत
देवीचे मासे होते. कुणी धरत नसे.
कुरमुरे टाकले की वर यायचे,
एकाच्या नाकात नथ आहे म्हणत.
खाली दोन वळणं सोडून
माझा मामा सुरुंगाची कांडी पेटवून टाकायचा.
धप्प. मग पांढरी पोटं.
देवीची हद्द कुठे संपते ते त्याला नेमकं ठाऊक होतं.
हे मी व्हर्लिनला सांगते, अडखळत.
कोंडीला शब्द सापडत नाही,
सुरुंगाला लगेच सापडतो.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, चौसष्ट साल, मी सोळाचा.
बापाचा गळ, दुधाची बादली,
ह्याच पुलाखाली.
बादली अंड्यांनी भरली, काळ्या,
आणि उरलेला मासा आम्ही
(इथे तो दोन्ही हातांनी काहीतरी लोटतो,
जड, नदीकडे).

दोन वाजून दहा. दिवे मालवून आलेली गाडी.
दोन पोरं, एकाच्या हातात काहीतरी लांब.
माझ्या तोंडाला कोरड.
व्हर्लिन उठतो, गुडघे वाजतात,
टोपी सारखी करतो
आणि पंगतीला बोलवावं तसं म्हणतो,
या की, इथून चांगले दिसतात.
पोरं येत नाहीत. लगेच जातही नाहीत.
इंजिन घुरघुरत राहतं.
मग दिवे लावून निघून जातात, सावकाश,
शेजाऱ्यांसारखी.

गाडीचा नंबर टिपायचा असतो. मी टिपला.
व्हर्लिनने पाहिलं, बोलला काही नाही.

आजोळी राखणदाराला वर्षाला नारळ आणि कोंबडा.
इथे पाळीमागे एक सँडविच,
माझं चीजचं, वेगळं ठेवलेलं,
वर कुणीतरी जपून लिहिलेलं: कॅलिंडी.
कालिंदी, मी म्हणते.
कॅलिंडी, व्हर्लिन म्हणतो, मन लावून.

सहाला पुढची जोडी,
शाळेत शिकवणारी ऑड्रा, तिचा अर्धवट झोपेतला नवरा.
काय झालं रात्री?
काही नाही, व्हर्लिन म्हणतो,
आणि शेवटच्या रकान्यात तेच लिहितो.
माझ्या खिशात नंबराचा कागद,
त्यावर माझं बोट.

खडकात शेपटी फटकारते, फॉर्म भिजतो.
व्हर्लिन तो टोपीने टिपतो
आणि ओली टोपी तशीच
ऑड्राच्या नवऱ्याच्या डोक्यावर ठेवतो.