सदतीस चौकोन

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं काम
परात भरून ठेवायचं.
परात तांब्याची, तांबट आळीतली, काठाला ठोक्यांचे वण.
बर्फ द्वारकेच्या रसवंतीवरून, गोणपाटात गुंडाळून,
आडगावला पोचेस्तोवर निम्मा रस्त्यानंच घेतलेला.

पोरं एकेक करून तोंड बुडवतात,
मी मागे उभा राहून घड्याळ धरतो.
गायधनी मॅडम सांगतात: कपाळाला, नाकाच्या दोन्ही अंगांना
गार पाणी लागलं की तिथली नस वर मेंदूत निरोप धाडते,
मग मेंदूतून दुसरीच एक नस खाली निघते,
भटकी.
घशाशी रेंगाळते, फुफ्फुसांना भेटते,
हृदयाच्या ओसरीवर टेकते
(अलिंद म्हणजे ओसरीच, हेही त्यांनीच सांगितलं),
पुढे पार आतड्यांपर्यंत हिंडते.
ओसरीवर एवढंच म्हणते: दमानं घे.

पंच्याऐंशीचे सत्तर होतात. फार तर बासष्ट.
पोरं नाक शिंकरत वहीत आकडे लिहितात.
मी परात नेऊन मोगऱ्याच्या आळ्यात पालथी करतो.

जानेवारीत मॅडमनी कचरूला बोलावलं.
कचरू बेंडकुळे. गोदावरीत बुड्या मारतो.
रामकुंडाच्या खालच्या अंगाला नाणी,
होळकर पुलाखाली अंगठ्या, एकदा शिलाईचं मशीन,
आणि पोलिसांचा फोन आला की
ते दुसरं.
आधीची दोन भावंडं राहिली नाहीत म्हणून हे नाव:
यमानं वाकून बघावं, केर आहे समजून पुढं जावं.

परात पाहून तो हसला.
"हिच्यात कोंबडी बी बुडायची नाही."
मी त्याच्या मनगटांना चिमटे लावले,
पायाला लावताना कातडी खरखरीत लागली,
खवल्यांसारखी म्हणणार होतो, पण तसं नको.

त्यानं छाती फुगवली नाही.
उलट सगळं सोडून दिलं, जरासं आत घेतलं,
आणि तोंड असं ठेवलं पाण्यात
जसं कोणी ओळखीच्या खांद्यावर ठेवतं.

अडुसष्ट.
साठ.
एक्कावन्न.
मागच्या बाकांवरची कुजबुज बंद झाली.
एक्केचाळीस.
मॅडम पुरे म्हणाल्या, पण परातीत ऐकू जात नाही.
कचरूचं पोट उसळलं, पुन्हा उसळलं.
"बघा, श्वासपटल. हवा संपलीय म्हणून नाही हे,
वापरलेली हवा साचली म्हणून जीव कासावीस होतो,"
मॅडम शिकवत राहिल्या, आवाज मात्र त्यांचाच घाईत.

मग तो वर आला. भुवयांवरून पाणी निथळत होतं.
मखमलाबादच्या एका मुलीनं कागदाची पट्टी धरून विचारलं,
दोन ठोक्यांच्या मधे हे एवढं सपाट, इथं काय असतं?
मॅडम म्हणाल्या, हृदय सगळ्या अंगाला वाढतं ना,
ते स्वतः जेवतं या मधल्या वेळेत.

कचरू पंचानं कान पुसत होता.
"मधल्या वेळंत दिसतं," म्हणाला.
काय दिसतं?
"ठोका पडला की डोळ्यापुढचं पाणी हलतं. गाळ हलतो.
मधी थांबतं. तेवढ्यात हात दिसतो."
कोणाचा?
"ज्याला हुडकतोय त्याचा."

कोणी काही लिहिलं नाही.
जाताना त्यानं उरलेला बर्फ मागून घेतला,
घरी मासळी होती आणि बाजार उद्याचा.

पोरं गेल्यावर मी पट्टीवर बोट ठेवून मोजलं:
सदतीस बारीक चौकोन.
म्हणजे दीड सेकंदही पुरता नाही.

परात त्या दिवशी लगेच पालथी केली नाही.
आधी दाराला कडी घातली, चष्मा काढला.
घड्याळ धरायला कोणी नव्हतं.