एक नंबरची पिन

वाडी नाक्यापाशी, गोदामांच्या मागे
माझं दुकान. टेबलावर तीन डबे,
तिन्हींना तेच सोळा दातांचं तोंड.

बाहेर निनावे सरांची क्रूझ.
कंपनी देश सोडून गेली, गाडी राहिली.
रोज सकाळी बॅटरी उताणी.
"रातभर कोण पिते बावा हिला?" सर विचारतात,
जसं काही मी रात्री तिथंच असतो.

पहिला डबा निळा, खलाशी लाईनचा, साडेचारशेला.
टॉर्च मारून पाहिलं:
सहाला पितळ, चौदाला पितळ,
एक नंबरचं भोक रिकामं.
माझी तार नेमकी तिथंच येते.
इंजिनाशी हा तासन्‌तास बोलेल,
पण दारं, काचा, आरसे, रेडिओ यांच्या वस्तीत
याला कोणी ओळखत नाही.

दुसऱ्याच्या खोक्यावर जगातल्या सगळ्या गाड्या.
सगळं येतं म्हणणाऱ्याला मी आधी उघडतो.
चार स्क्रू.
चिपवरचं नाव घासून काढलेलं.
परत चार स्क्रू.

तिसरा हिंगण्याहून उसना, पल्लवी गजभियेचा.
दिवसाचे दोनशे, मोडला तर अठरा हजार.
त्याला एका तारेची रीत ठाऊक आहे:
जायला तार, यायला पत्रा,
म्हणजे अख्खी गाडीच दुसरी तार.
जागे असतात ते चार व्होल्टांत बोलतात,
झोपलेल्यांना बारांची हाक लागते.
"हा हाकही मारते," पल्लवी म्हणाली.
मी म्हटलं, "हाक नाही पाहिजे. चूप बसते का?"
तिनं मेनूत एक ओळ दाखवली:
फक्त ऐकणे.
त्या ओळीसाठी घेतला.

मे महिना. रात्री अकराला बॉनेट अजून तापलेलं.
काचेच्या फटीतून वायर बाहेर,
स्टुलावर लॅपटॉप, गाडीला कुलूप.
स्क्रीनवर गर्दी, मग विरळ, मग एकेक.
रेडिओ झोपला. आरसे झोपले.
मी पाण्याची बाटली उघडली तीही हळू.

आणि एक आकडा.
परत तोच.
परत.
बाकीचे डोळे चोळत उठतात,
पुन्हा आडवे होतात, पुन्हा तोच आकडा.
मागचं डावं दार, घट्ट लागलेलं,
मी उघडं आहे, म्हणत होतं.
कोणी विचारलं नव्हतं त्याला.

कुलपातल्या खटक्यात धूळ, थोडा गंज.
सकाळी सरांना दाखवलं.
"त्या दारानं तर कोणी बसतच नाही आता,"
ते म्हणाले, आणि रुमालानं हँडल पुसू लागले.
कोण बसायचं, मी विचारलं नाही.

खटका तीनशे चाळीस, मजुरी पाचशे.
उसन्याचे दोनशे लिहिले, खोडले.

हिंगण्याला डबा परत देताना पल्लवी म्हणे,
"एक तुमच्या नावानं मागवू काय?"
अठरा हजार.
मी म्हटलं, थांब जरा.
तरी निघताना हात खिशात होता,
आणि खिशात निळ्या डब्याचं बिल,
ज्याच्यावर लिहिलंय, माल परत घेतला जाणार नाही.