चण्यावरची, तुरीवरची

हरभऱ्यावर असली की घाटेअळी,
कपाशीवर गेली की हिरवी बोंडअळी,
तुरीत शिरली की नुसतीच 'शेंगेतली'.
आमच्या फ्रीजमध्ये मात्र ती सगळी एकच,
अल्कोहोलात बुडवलेली, उणे वीसवर,
झाकणावर माझ्या अक्षरात: उमरेड ७, काटोल १२.

भिवापूरचे झिबल गजभे म्हणाले होते,
"थे तुरीवरचं येगळं हाय, बाई.
चण्यावरचं पाखरू रातच्याला लवकर उडते,
तुरीवरचं कोंबड्याच्या आधी.
भेटच होत नाही त सोयरीक कुठून जमन?"
मी वहीत लिहिलं: शेतकऱ्याचे निरीक्षण.
मग 'शेतकऱ्याचे' खोडून त्यांचं नाव घातलं.

वर्धा रोडवरून ट्रक जातो, टेबल थरथरतं.
जेलमधले पट्टे अतिनील उजेडात नारिंगी दिसतात,
एका रकान्यात दोन, एका रकान्यात एक,
कुठे माझाच हात चुकला म्हणून काहीच नाही.
माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत
यांच्या शंभरावर पणज्या होऊन गेल्या.

आकडा आला: शून्य पूर्णांक शून्य तीन.
म्हणजे एकच. जवळजवळ.
डॉ. तिरपुडेंनी 'जवळजवळ'भोवती पेन्सिलीने गोल केला.
म्हणाले, पिढीमागे एक पाहुणा पुरतो,
दोन गावं परकी होऊ नयेत म्हणून.

माझी मावशी पांढुर्ण्याला दिलेली.
फोन ठेवून आई म्हणते,
"बोलणं समजते तिचं,
पण माह्या गोष्टीवर हसते ते जरा उशिरानं."
मावशीकडे शेवटचं कोण गेलं होतं,
हे मात्र कुणालाच आठवत नाही.

जानेवारीत भिवापूरला गेले.
एक कामगंध सापळा चण्यात, एक तुरीत,
दर तासाला बॅटरी, थंडीनं बधिर बोटं.
दहापर्यंत चण्यात नऊ नर.
तुरीत शून्य. अकराला शून्य. एकला शून्य.
दव पडून वहीची शाई पसरली.

चार वाजून दहा मिनिटांनी
तुरीतल्या पिशवीत काहीतरी फडफडलं.

एका पाखरावर काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे.
ते त्या बांधावरून आलं की सातपुड्यापलीकडून,
हे त्याच्या पंखांवर लिहिलेलं नसतं.
तरी त्या कुपीवर पहिल्यांदाच
गावाऐवजी वेळ लिहिली.

झिबल गजभे धुऱ्यावर घोंगडी घेऊन झोपले होते.
उठवलं नाही.